हवा खाणाऱ्यांची वाट

पाणथळीतल्या वस्तीच्या नर्सबाईंनी बांधावर खडी टाका म्हणून अकरा वर्षं अर्ज केले. "दलदलीत खडी टिकत नाही," हे बांधकाम खात्याच्या साहेबांचं ठरलेलं उत्तर. यंदा शहरातले हौशी सायकलवाले येणार म्हटल्यावर ती लगेच टिकायला लागली.

उद्घाटनाच्या सकाळी नर्सबाई औषधांची पिशवी अडकवून सायकलवरून निघाल्या, तर साहेबांनीच त्यांना अडवलं. "बाई, ही वाट फिरायला येणाऱ्यांसाठी आहे. कामाच्या लोकांनी खालून जावं."

खाली गुडघाभर चिखल होता. बाई सायकल ढकलत उतरल्या.

थोड्याच वेळात उद्घाटनाची फेरी मारताना साहेब खडीवर सायकलसकट घसरले आणि त्यांचा खांदा निखळला. बाईंना निरोप गेला. त्या दीड तासाने पोचल्या.

"इतका उशीर?" साहेब कण्हत म्हणाले.

"कामाला आले ना, साहेब," पायाचा चिखल खरवडत बाई म्हणाल्या. "खालून आले."