वाडीतला ठोका

डोक्यात नारळ पडून आई गेली, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं. त्या सकाळी मी माझ्या संगीतासाठी नारळ पडल्याचा आवाज मिळावा म्हणून विहिरीच्या कठड्यावर रेकॉर्डर चालू ठेवून अलिबागला गेले होते.

त्यातल्याच ठोक्यावर केलेला माझा ट्रॅक यंदा गाजला आणि नागावच्या किनाऱ्यावरच्या महोत्सवाचं बोलावणं आलं. बाबा पहिल्या रांगेत, काकांच्या शेजारी बसले होते.

"अनुया, तुझ्या त्या ठोक्याने पोरं वेडी झालीत," सूत्रसंचालक सलिल माइकवर म्हणाला. "काढलास कसा गं?"

"आमच्या वाडीतला नारळ आहे तो!" बाबाच खालून ओरडले. "काही उगाच नाही!"

"विश्वंभरा, पोरीने नाव काढलं हो!" काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मी म्हटलं, "आज मूळ रेकॉर्डिंगच ऐकवते." ते ऐकायला एवढी माणसं जमावीत, म्हणून तर वर्षभर धडपडले होते.

पहिला ठोका पडला, मग दुसरा. पोरं नाचू लागली. बाबांच्या पायानेही ताल धरला.



मग आईचा आवाज आला, "अहो, तो दांडा खाली ठेवा. मरेन मी."