हरलेली पंच

“सर, मोठ्या स्पर्धांमध्येही हरलेल्या खेळाडूलाच पुढच्या सामन्याची पंच करतात का हो?” मैत्रिणी म्हणाल्या होत्या, हिंमत असेल तर विचार. मग काय, विचारलं ऐटीत!

टेबल टेनिसचे सर नेट गुंडाळत हसले. “छे गं! तिथे परीक्षा दिलेले, परके पंच. आपल्याकडे हरलेलीच. एक गुण गेला की काय वाटतं, ते तिच्याइतकं कुणाला कळणार?”

माझी मान खाली गेली. आज मला हरवणारी मुलगी पुढच्याच सामन्यात शेवटच्या गुणावर हरली होती. पंच मी होते.

“टेबलाच्या कडेला लागला ना गं चेंडू? गुण माझा ना?” तिने विचारलं होतं. मी “नाही” म्हटल्यावर निमूट बॅट उचलून गेली.

घरात पाऊल टाकताच मी म्हणाले, “आई, बाबा, उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. चेंडू लागला होता.”