चाकाला दगड

"अहो, जीपच्या शाफ्टला ग्रीस गॅरेजातल्या मिस्त्रीकडूनच मारून घ्या. तिथं जागा तरी सपाट आहे," एवढंच मालन म्हणाली, तर नवऱ्यानं हातातली ग्रीसगन तिच्या तोंडावर हाणली. दात हलला, तोंड रक्तानं भरलं.

"गाडीतलं तुला काय कळतं गं? एवढ्याशा कामाला मिस्त्रीला पैसे चारू?" म्हणत त्यानं उतारावरच्या जीपचं मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि पाठीवर सरपटत खाली शिरला.

"शाफ्ट फिरंना झालाय. पुढच्या चाकाला दगड लाव अन् हँडब्रेक सोड!" तो आतून खेकसला.

मालननं दोन्ही हातांनी दगड उचलला. जिभेनं दात चाचपून पाहिला.

"लावला का?"

"लावला," ती म्हणाली. दगड तिनं आवाज न होऊ देता कुंपणापाशी ठेवला आणि हँडब्रेकला हात घातला.