रणजीतचा जबाब

भैरूने ड्रायव्हिंग स्कूलच्या फॉर्मसाठी नाव सांगितलं, वय सांगितलं. पूर्वीचं लायसन्स आहे का, असं मोनिकाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, होतं, पण आत असताना त्याची मुदत संपली. आत म्हणजे कुठे, ते तिला कळलं नाही.

येरवड्याला, तो म्हणाला. नऊ वर्षं.

चाकणच्या तळेगाव चौकाजवळच्या त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कंपन्यांत कामाला असलेल्या बायका जास्त यायच्या. मोनिका फॉर्म भरून घ्यायची, तिचा नवरा रणजीत गाडी शिकवायचा. ट्रेलरच्या गर्दीत गाडी बंद पडली तरी सरांचा आवाज चढत नाही, म्हणून बायका एकमेकींना त्याचं नाव सांगायच्या. मोनिकाने फॉर्म पुढे भरायला घेतला. ती पत्त्याच्या रकान्यापर्यंत आली होती, तेवढ्यात सकाळची दुसरी बॅच आटोपून रणजीत आला आणि दारातच थांबला.

"वळखलंस न्हवं?" भैरूने बसल्या जागेवरून विचारलं.

रणजीतने मानेनेच हो म्हटलं.

मग भैरू मोनिकाकडे वळून बोलू लागला. दहा-अकरा वर्षांपूर्वी तो आणि रणजीत एका भंगारवाल्या ठेकेदाराची माणसं होते. कंपनीचं भंगार दुसऱ्या कुणाला जायला लागलं, की ठेकेदार यांना दमदाटीला पाठवायचा. एकदा एका यार्डात वॉचमनने गेट उघडलं नाही. उद्धवराव त्याचं नाव. डोक्यात लोखंडी पाइप बसला आणि तो तिथेच पडला. सगळे पळाले. उद्धवराव भैरूच्या गावचा, शेजारचा. त्याला उचलायला भैरू मागे राहिला आणि रक्ताच्या शर्टासकट पोलिसांना सापडला. उद्धवराव काही वाचला नाही. रणजीत त्या दिवशी राजगुरुनगरला लग्नात होता, असं सांगणारे साक्षीदार ठेकेदाराने उभे केले.

"मला तुझ्याकडून काय नको," तो आता रणजीतला म्हणाला. "गेलेली वर्षं काय परत येत न्हाईत. पण मी सुटून वरीस झालं, आय एका घरात ऱ्हाऊन माझ्याशी बोलत न्हाई. उद्धवरावाच्या बायकोकडं जाऊन रोज भाकरी थापती. पोरानं केलेलं फेडती म्हणं. तिला एकदा सांग. न्हाई म्हणालास तर उठून जाईन, परत याचा न्हाई."

लग्नाच्या आधी रणजीत नाशिकला कंपनीत होता, एवढंच मोनिकाला माहीत होतं. हा माणूस खोटं बोलतोय, असं रणजीतने म्हणावं म्हणून ती वाट पाहत राहिली. तो म्हणाला असता तर तिने विश्वास ठेवला असता.

शेवटी तिनेच विचारलं, "तुम्ही मारलंत?"

"हो," रणजीत म्हणाला. "दोनदा मारलं. पहिल्या फटक्यातच ते खाली बसले होते."

मग रणजीतने सांगितलं, की आधी भैरूच्या आईकडे जायचं, नंतर उद्धवरावांच्या बायकोकडे, आणि तिथून तो पोलीस ठाण्यात जाईल. मुलीची शाळेची बस साडेबाराला येते, मोनिकाने तिला उतरवून घ्यावं. हे सगळं आधीच ठरलेलं असावं, तसा तो न अडखळता बोलला.

पोलिसांचं काही नको, भैरू म्हणाला. त्याला फक्त आईपुरतं हवं होतं.

"तू मागितलंस ते तुझं. बाकीचं माझं आहे," रणजीत म्हणाला.

मोनिकाने शेजारच्या बाईला फोन करून मुलीला उतरवून घ्यायला सांगितलं. मग तिने शटर ओढलं आणि गाडीत मागे जाऊन बसली. जे काही आहे ते सगळं तिला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

गावी भैरूची आई कस्तुराबाई दारातल्या ओट्यावर मेथी निवडत होती. भैरू दिसताच तिने नजर फिरवली. रणजीत तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला.

"मावशी, उद्धवरावांना मी मारलं. भैरू त्यांना उचलायला मागं थांबला, म्हणून तो सापडला."

तिने त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने तेच शब्द पुन्हा सांगितले. मग तिने मुलाकडे पाहिलं.

"मग तू बोलला का न्हाईस?"

"बोललो व्हतो, आये. कोर्टात," भैरू म्हणाला. "तू आली न्हवतीस."

कस्तुराबाईने मेथी बाजूला सारली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. दोन घरांच्या मधल्या कुंपणाला, तिच्या येण्याजाण्याने माणूस जाईल एवढी वाट पडली होती. तिथून ती पलीकडे गेली. मागोमाग रणजीत गेला, त्याच्यामागे मोनिका. उद्धवरावाची बायको सुमनताई दोरीवर धुणं वाळत घालत होती. सकाळीच येऊन गेलेली कस्तुराबाई परत आलेली बघून तिने हातातलं लुगडं तसंच खांद्यावर टाकलं. रणजीत पुढे होऊन बोलायला लागणार, तेवढ्यात कस्तुराबाईने हात करून त्याला थांबवलं आणि मागे वळली.

"भैरू," तिने हाक मारली, "तू बी ये. तुझ्याम्होरं सांगू दे त्याला."

उद्धवराव गेल्यापासून भैरूने त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. कुंपणाशी त्याने चपला काढल्या आणि तो आत आला.