शेवटची दहा मिनिटं

जैनूने टीव्हीचा आवाज वाढवला तसा कृष्णनाथने कपाळाला हात लावला. नेमका हाच पिक्चर लागायचा होता आज.

पडद्यावर दोन मित्र एका ताटात जेवत होते. एकाच्या कपाळाला टिळा, दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी, आणि वाढणारी आई एकच. जैनू खुर्चीत पुढे सरकून बघत होता. चार वाजता त्याचा मुलगा मुरगावहून गाडी घेऊन येणार होता. आज पणजीला ॲडमिट व्हायचं आणि उद्या सकाळी काळजाचं ऑपरेशन. जैनूची बायको हमीदा हिने कृष्णनाथला दारातच बजावलं होतं, "भावजी, त्यांका मातशे हसवा. वायट कायच काढू नकात."

आणि ह्या पिक्चरच्या शेवटी टोपीवाला मरत होता.

तसे त्या काळच्या पिक्चरांत बहुतेक टोपीवाले मित्र मरायचेच. हिरोवर झाडलेली गोळी आपल्या छातीवर घ्यायचे, हिरोच्या मांडीवर डोकं ठेवायचे आणि हसत हसत जायचे. हे कृष्णनाथइतकं कोणाला ठाऊक? डिचोलीच्या बाजारातल्या थिएटरात तो बावीस वर्षं ऑपरेटर होता, सगळी रिळं त्याच्याच हातून फिरलेली. जैनू तिथेच डोअरकीपर. शेवटची दहा मिनिटं उरली की जैनूने दारं उघडायची, दारावरचा पडदा बाजूला धरायचा आणि बाहेर तोंड करून उभं राहायचं, नाहीतर पुढच्या खेळाची फुकटी गर्दी आत घुसायची. त्यामुळे बावीस वर्षांत त्याने एका पिक्चरचा शेवट म्हणून पाहिला नव्हता. खेळ सुटला की समोरच्या हॉटेलात चहा पिताना तो विचारायचा, "शेवटाक काय झाला रे?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याचं तोंड बघून कृष्णनाथच्याने खरं बोलवेना. "वाचलो तो," असं कृष्णनाथ म्हणून गेला. जैनू इतका खूश झाला की त्याने भज्यांची आणखी एक बशी मागवली. मग एकाला वाचवल्यावर पुढच्याला मारायचं कोणत्या तोंडाने? असं करता करता सात-आठ टोपीवाले कृष्णनाथने चहाच्या टेबलावर जिवंत केले, डॉक्टर नाही की औषध नाही.

आज मात्र दार धरायचं काही कारण नव्हतं. जैनू खुर्चीत बसून सगळं बघणार होता, आणि तेही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

"बातम्यो लाव मरे जरा," कृष्णनाथ म्हणाला.

"बातम्यो खंय पळतत? गप बस."

"कपडे तरी बदल. गाडी येयत आता."

"पिक्चर संपाक दी."

कृष्णनाथने इकडेतिकडे रिमोट शोधला. तो जैनूच्या मांडीखाली होता.

गोदामातली मारामारी सुरू झाली. गुंडांच्या म्होरक्याने पिस्तूल काढलं. कृष्णनाथ आता डोळे मिटणार, इतक्यात जैनू उठला. भिंतीला हात लावत लावत तो पुढच्या दारापर्यंत गेला, दोन्ही फळ्या त्याने सताड उघडल्या आणि बाहेर तोंड करून उभा राहिला. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. आत घुसायला तिथे काळं कुत्रंसुद्धा नव्हतं.

मागे गोळी सुटली. टोपीवाला पडला, हिरोने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कृष्णनाथ एकटाच बघत होता आणि त्याला भरून आलं. पिक्चर त्याला पाठ होता, हे रडू मात्र पाठ नव्हतं.

"काय झाला रे?" जैनूने पाठ न वळवताच विचारलं.

"वाचलो."

जैनूचे खांदे हलले. तो हसत होता.

"किती जणांका वाचवतलंस रे तू? लोक माझ्याच समोरसून डोळे पुसत भायर येयत. बायलो तर हुंदके देत. जित्या माणसासाठी कोण रडता?"

कृष्णनाथने टीव्हीवरून नजर काढली. "म्हणजे तुका..."

"पयल्या दिसापासून ठावक आसा."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"कित्याक बोलू? तो मेलो म्हणान माका सांगाक तुका जमा नाय. ताच माका बरा वाटायचा."

आत हमीदा बॅग भरत होती. डबे एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता. जैनूने तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कृष्णनाथा, फाल्यां ऑपरेशनाच्या वेळार तू भायर बसतलंस न्हय? डॉक्टर येवन काय सांगतलो, ता पयला तू आयक. मगे हमीदाक तूच सांग. तुका बरा जमता."

कृष्णनाथ उठला. टीव्हीवर ती दोघांची आई रडत होती, ती तशीच रडत राहिली. तो दाराशी जाऊन जैनूच्या शेजारी उभा राहिला.

"नाय," तो म्हणाला. "ह्या खेपेक मी कायच सांगूचंय नाय. तूच भायर ये आणि सांग."