सगळे आपलेच

वॉर्डप्रमुखांनी यादी उघडली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मतदारांच्या नावांपुढे कुठे बरोबरची खूण होती, कुठे फुली, आणि बऱ्याच ठिकाणी प्रश्नचिन्ह.

"हे काय आहे?"

"घरोघरी जाऊन विचारलं, काका," दहावीतली चष्मेवाली म्हणाली. "बरोबर म्हणजे आपले, फुली म्हणजे त्यांचे. प्रश्नचिन्ह म्हणजे अजून ठरलेलं नाही."

शेजारी तिची वर्गमैत्रीण उभी होती. तिला अख्ख्या शाळेत चिमणी म्हणत. का, ते तिने तोंड उघडलं की कळायचं. दोघींना स्वतः मत द्यायला अजून अडीच वर्षं होती, पण गेले आठ दिवस शाळा सुटली की त्या पक्षाच्या कामाला लागत होत्या. जिने चढून चढून चिमणीच्या चपलेचा अंगठा तुटला, तर ती पिन लावून पुढच्या इमारतीत शिरली होती.

कार्यालयात अशी यादी याआधी कोणी पाहिली नव्हती. हे काम निवृत्त पोस्टमनकाकांचं. आयुष्यभर दारोदार हिंडल्यामुळे आपल्याला प्रत्येकाच्या मनातलं ठाऊक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे ते पंख्याखाली बसून एका बैठकीत सहाशे नावांपुढे बरोबरच्या खुणा करत. सगळे आपलेच. वरची मंडळीही खूश असत.

"उद्या ही यादी मुख्य कार्यालयात जायचीय," वॉर्डप्रमुख म्हणाले. "अशी गेली तर माझं उमेदवारीचं तिकीट कापलंच म्हणून समजा. सगळीकडे बरोबर करून टाका. फार तर चार फुल्या ठेवा, चवीपुरत्या."

"मागच्या निवडणुकीतपण सगळे आपलेच होते ना?" चिमणी म्हणाली. "मग पडलात कसे?"

पोस्टमनकाका एकदम पंख्याकडे बघायला लागले.

"खोडायचं तर तुम्ही खोडा, काका," चष्मेवाली म्हणाली. तिला घाबरायला झालं होतं आणि ते तिच्या आवाजात कळत होतं. "आम्ही नाही खोडणार. आणि उद्यापासून येणारही नाही."

वॉर्डप्रमुखांना राग आला. पोरी जातील या विचाराने वाईटही वाटलं, कारण त्या कार्यालयात पन्नाशीच्या आतलं दुसरं कोणी येत नव्हतं. पण तिकीट ते तिकीट. पेन काढून ते स्वतःच खोडायला बसले. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर सत्तेचाळीस नंबरच्या घरापाशी पेन थांबलं. दोन मतदार. एकापुढे बरोबर, एकापुढे प्रश्नचिन्ह.

"हे चुकलंय. हे माझं घर आहे."

"माहितीये," चष्मेवाली म्हणाली. "तुमच्यापुढे बरोबर केलंय. काकूंचं ठरलेलं नाही."

"असं ती म्हणाली?"

"आम्हालाही खरं वाटेना, म्हणून परत विचारलं," चिमणी म्हणाली. "तर म्हणाल्या, मला आजवर कोणी विचारायलाच आलं नाही. मग मी ठरवू कशी?"

"त्या नावापुढे मी डोळे झाकून बरोबर करत आलोय," पोस्टमनकाका पुटपुटले.

वॉर्डप्रमुखांनी ते नाव पुन्हा वाचलं. सव्वीस वर्षांचा संसार. आपण विचारलं नाही, हे खरं होतं, आणि ते त्यांना लागलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मला घरातलंच ठाऊक नाही, वॉर्डाचं काय खोडत बसू? पहिल्या दोन पानांवर तुमच्या खुणा परत करा. यादी तुम्ही आणलीत तशी जाईल. तिकिटाचं बघू काय होईल ते." मग चपला घालता घालता त्यांनी जरा खाली मान घालूनच विचारलं, "दारात गेल्यावर तुम्ही काय बोलता गं?"

वाटेत दोघींनी त्यांना शिकवलं. आधी आपण कोण ते सांगायचं. मग वेळ मागायचा. समोरचं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. हे शेवटचं चिमणीने दोनदा सांगितलं.

खिशात किल्ली असूनही वॉर्डप्रमुखांनी बेल दाबली. ओले हात पुसत बायकोने दार उघडलं.

"नमस्कार," ते म्हणाले. सभा गाजवणारा आवाज त्यांनी खाली आणला. "मी पक्षाकडून आलोय. तुमची पाच मिनिटं मिळतील का?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे ओठ दाबून उभ्या असलेल्या पोरींकडे. हसू तिलाही आलं होतं, पण तिने ते दिसू दिलं नाही. तिने दार पूर्ण उघडलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"पाच मिनिटांत नाही व्हायचं," ती म्हणाली. "बसा. लिहून घ्यायला काही आणलंय का?"

वॉर्डप्रमुखांनी सगळे खिसे चाचपले. चिमणीने दप्तरातून गणिताची वही काढली आणि मागचं कोरं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली.