गोष्टीला हुंकार

आर्वी गावातल्या घरात आनंदाबाईंनी खिडकीखाली छोटी गादी घातली, उशा मांडल्या, चित्रांची पुस्तकं लावली. होणाऱ्या नातवंडांसाठी.

"आम्हाले लेकरं नाई पाहिजेत, सांगितलं ना!" मुलगा रुपेश चिडला. "काऊन मांडून राह्यली हे?"

"माही मर्जी. बस इथं, अन् गोष्टीले हुंकार दे."

रुपेश समोर फरशीवर मांडी घालून बसला, पण तोंड मिटूनच.

"एक होता ससा," आनंदाबाईंनी वाचलं.

रिकाम्या गादीवरून बारीक आवाज आला, "हूं."

रुपेश बसल्या जागी मागे सरकला. "आई, बंद कर ते पुस्तक."

"नाई करत. ऐकणारं हाय, तं मी वाचीन." त्यांनी पान उलटलं. "सशाले लागली भूक."

हा हुंकार रुपेशच्या मांडीवरून आला.